जुन्या गाडीचं इंजिन ऑईल गळतंय: नेमकं कुठून ते शोधायचं कसं आणि बंद करायचं कसं

गाडीखाली काळे डाग दिसायला लागले की बहुतेक लोक दोनपैकी एक करतात. एकतर "जुनी गाडी आहे, थोडं गळणारच" म्हणून वरून ऑईल ओतत राहतात, नाहीतर सरळ गॅरेजला लावून जे पॅकिंग (दोन भागांच्या जोडात बसणारं गॅस्केट) सांगतील ते बदलून घेतात आणि महिन्याभरात डाग परत तिथेच. पहिल्यात कधीतरी इंजिन जातं, दुसऱ्यात पैसे जातात. लीकेजच्या कामात खरी मेहनत शोधण्यात आहे, बदलण्यात नाही, आणि शोधायला कुठलंही महागडं मशीन लागत नाही, फक्त गाडी नीट धुवायची तयारी आणि दोन-तीन दिवसांचा धीर लागतो. जुन्या इंजिनात बऱ्याचदा शेवटी सापडतं ते एखादं कडक झालेलं रबर, दबलेलं वॉशर किंवा चोंदलेला ब्रीदर पाईप, म्हणजे इंजिनच्या पोटातला गॅस बाहेर काढणारी नळी.

ऑईलच आहे ना, हे आधी बघा

गाडी रात्री सपाट जागेवर लावा आणि इंजिनच्या खाली एक मोठा स्वच्छ पुठ्ठा सरकवून ठेवा, पुढचं टोक कुठलं ते पुठ्ठ्यावर लिहून ठेवा म्हणजे सकाळी गोंधळ होत नाही. सकाळी थेंब कुठे पडलेत आणि कसले आहेत ते बघायचं. इंजिन ऑईल तपकिरी ते काळं असतं, बोटांत चोळलं की गुळगुळीत लागतं आणि थोडा जळका वास येतो. लालसर पातळ असेल तर ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं असू शकतं. हिरवं, गुलाबी किंवा केशरी, पाण्यासारखं आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. घट्ट आणि नाकाला झोंबणारा गंधकासारखा वास असेल तर गिअर ऑईल. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर पारदर्शक काही दिसलं तर तो ब्रेक फ्लुईड असू शकतो, आणि तसं असेल तर हा लेख बाजूला ठेवा, गाडी चालवू नका, आधी ब्रेक बघून घ्या. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं, त्याची काळजी नको.

आणखी एक साधी गोष्ट. ऑईल भरताना बाहेर सांडलेलं असेल किंवा फिल्टर बदलताना ओघळलेलं कोणी पुसलंच नसेल तर ते पुढचे कित्येक दिवस खाली टपकत राहतं आणि लीकेज असल्यासारखं वाटतं. सर्व्हिसिंगनंतर लगेच डाग सुरू झाले असतील तर पहिला संशय ड्रेन बोल्ट (खालून ऑईल काढायचा बोल्ट), फिल्टर आणि हे सांडलेलं ऑईल, या तिघांवरच घ्यायचा.

किती घाई आहे ते डिपस्टिकला विचारा

गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली, मग डिपस्टिक, म्हणजे ऑईलची लेव्हल मोजायची पट्टी, काढा, पुसा, परत घाला आणि मग बघा. बऱ्याच गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये साधारण १ लिटरचा फरक असतो, त्यावरून किती कमी झालंय याचा अंदाज येतो. लेव्हल आणि किलोमीटर दोन्ही लिहून ठेवा, आठवड्याने परत बघा. लेव्हल झपाट्याने कमी होतेय पण खाली डाग जेमतेम आहेत, आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, असं असेल तर ऑईल गळत नाहीये, इंजिनच्या आत जळतंय, तो आजार वेगळा आणि त्याचा इलाजही वेगळा.

लेव्हल वरच्या खुणेच्या खूप वर असेल तर तेही वाईटच. जास्तीच्या ऑईलमध्ये क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनचा मुख्य शाफ्ट) घुसळायला लागतो, फेस होतो, आणि सीलमधून ऑईल बाहेर यायला निमित्त मिळतं. आधी जास्तीचं काढा आणि मग लीकेजचा विचार करा.

जुन्या इंजिनावर कुठेतरी ओलसर चिकटा आणि त्यावर धूळ बसलेली असते, पण थेंब काही तयार होत नाही, त्याला आपण पाझर म्हणू. पाझर असेल तर लक्ष ठेवायचं, इंजिन उघडत बसायची गरज नाही. थेंब पडतात पण लेव्हल हळूहळू कमी होते, तर पुढच्या काही आठवड्यांत काम करायचं. पण गरम एक्झॉस्टवर ऑईल पडून धूर किंवा जळका वास येतोय, टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅम फिरवणारा पट्टा) ऑईलने भिजलाय, क्लच घसरायला लागलाय, यातलं काही असेल तर गाडी उभी ठेवा. एक्झॉस्टवर पडणारं ऑईल पेट घेऊ शकतं, हे मी घाबरवायला सांगत नाहीये, खरंच होतं. आणि चालताना ऑईल प्रेशरचा लाल दिवा लागला तर "पुढच्या वळणापर्यंत नेतो" असं काही नाही, बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद. तो दिवा लेव्हलचा नसतो, प्रेशरचा असतो, म्हणजे तो लागेपर्यंत बेअरिंगला ऑईल कमी पडायला लागलेलं असतं.

गाडीखाली जायच्या आधी

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीही जायचं नाही. गाडी कडक आणि सपाट जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना मागून-पुढून अडथळे, आणि गाडीचा भार जॅक स्टँडवर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जागीच. विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांच्या ढिगावर नको. स्टँडवर ठेवल्यावर गाडीला हाताने हलवून बघा, मगच आत सरका. इंजिन थंड असू द्या. हातात ग्लोव्हज घाला, वापरलेलं ऑईल कातडीला वारंवार लागणं चांगलं नाही. चालू इंजिनजवळ बघताना सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस फॅन आणि बेल्टपासून लांब.

धुतल्याशिवाय काहीच कळत नाही

हा भाग लोक गाळतात आणि इथेच सगळं चुकतं. वर्षानुवर्षांचा काळा चिकटा जमलेल्या इंजिनात बघून सांगणं म्हणजे अंदाजपंचे. घराच्या छतासारखंच आहे, पाणी शिरतं एकीकडे आणि ओल दिसते भलतीकडे. ऑईल वरून खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने आणि फॅनने मागे ढकललं जातं, त्यामुळे टॅपेट कव्हरमधून (इंजिनच्या सगळ्यात वरचं झाकण) निघालेलं ऑईल चेंबरच्या (खालची ऑईलची टाकी) मागच्या कोपऱ्यातून थेंब होऊन पडतं आणि आपण चेंबरचं पॅकिंग बदलून बसतो.

इंजिन थंड किंवा जेमतेम कोमट असताना अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर असेल तर तो, फ्यूज बॉक्स, वायरिंगचे उघडे कनेक्टर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाका. डिग्रीझर मारा, दहा मिनिटं मुरू द्या, ब्रशने घासा, मग कमी प्रेशरच्या पाण्याने धुवा. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर गार पाणी टाकू नका, त्याचं बीड (ओतीव लोखंड) तडकू शकतं. प्रेशर वॉशर जवळून मारायचाच नाही, पाणी कनेक्टरमध्ये आणि सीलच्या आत घुसतं आणि नवीनच दुखणं सुरू होतं. पाणी नको असेल तर डिग्रीझर आणि फडक्याने पुसूनही काम होतं, फक्त वेळ लागतो. पूर्ण वाळू द्या, पिशव्या आठवणीने काढा, मगच चालू करा.

धुतल्यावर मोबाईलमध्ये सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. नंतर तुलना करायला याचा फार उपयोग होतो, कारण डोळ्यांना आधी काय कोरडं होतं ते आठवत नाही.

आता शोधायचं, वरून खाली आणि पुढून मागे

इंजिन चालू करून तापू द्या, टॉर्च घेऊन बघा, आणि जिथे डोळा पोचत नाही तिथे छोटा आरसा किंवा मोबाईलचा कॅमेरा सरकवा. काही दिसलं नाही तर दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा आणि परत बघा. नियम एकच: सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जी ओली जागा आहे, तिथून सुरुवात झालीये असं धरायचं. खालचं कितीही ओलं दिसलं तरी वरचं कोरडं आहे याची खात्री झाल्याशिवाय खालच्याला दोष द्यायचा नाही.

दुसरी एक गोष्ट मला फार कामाची वाटते, गळती कधी होते ते बघणं. इंजिनात काही जागा ऑईलच्या प्रेशरखाली असतात, ऑईल प्रेशर स्विच, फिल्टर, ऑईल कूलरचे जॉइंट, टर्बोला जाणारी ऑईल लाईन. तिथली गळती इंजिन चालू असताना जोरात होते, कधी अगदी फवारा उडतो, आणि इंजिन बंद केलं की बरीचशी थांबते. टॅपेट कव्हरला प्रेशर नसतं, तिथून ऑईल चालू असताना उडून हळूहळू झिरपतं आणि बंद केल्यावरही ओघळ थोडा वेळ चालू राहतो. चेंबर आणि ड्रेन बोल्ट तर कायम ऑईलमध्ये बुडालेले, ते गाडी रात्रभर उभी असली तरी एकसारखे टपकत राहतात. म्हणजे पुठ्ठा दोनदा ठेवायचा, एकदा तापलेलं इंजिन चालू ठेवून आणि एकदा रात्रभर. दोन्ही पुठ्ठ्यांची तुलना केली तरी निम्मी यादी कमी होते.

एवढं करूनही सापडलं नाही तर यूव्ही डाय वापरा. इंजिन ऑईलसाठीचा डाय मिळतो, बाटलीवर लिहिलंय तेवढाच ऑईलमध्ये टाकायचा, गाडी थोडी चालवायची आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारायचा, सोबतचा पिवळा चष्मा घातला की गळतीची वाट हिरवट-पिवळी चमकते. एसीचा किंवा कूलंटचा डाय ऑईलमध्ये टाकू नका. डाय मिळत नसेल तर संशय असलेल्या कोरड्या जागेवर टाल्कम पावडर भुरभुरवा, चालवून आणा, पावडरीत जिथून ओली रेघ सुरू होते ती जागा. जुनी पद्धत आहे पण अजूनही चालते, फक्त बेल्ट, फॅन आणि एअर फिल्टरच्या तोंडाजवळ पावडर नको.

सील विकत घ्यायच्या आधी ब्रीदर बघा, प्लीज

हे मी ठळक शीर्षक देऊन लिहितोय कारण जुन्या गाड्यांत नवीन सील टाकूनही गळती परत येण्यामागे नेहमी भेटणारं कारण हेच. पिस्टन रिंगच्या बाजूने थोडा गॅस कायम क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या पोटात, उतरतो, त्याला ब्लो-बाय म्हणतात. हा गॅस ब्रीदर पाईप आणि पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (या गॅसच्या वाटेवरचा छोटा व्हॉल्व्ह) परत इनटेककडे, म्हणजे इंजिन हवा आत घेतं त्या बाजूला, ओढून घेतला जातो. तो रस्ता गाळाने चोंदला की इंजिनच्या पोटात दाब वाढतो आणि मग जिथे कमजोर सील असेल तिथून ऑईल बाहेर ढकललं जातं. तुम्ही एक सील बदलली की दाब दुसरी शोधतो.

तपासायचं असं. पेट्रोल गाडी आयडलवर चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर जाड कागद ठेवा. कागद हलका आत ओढला गेला किंवा शांत बसून राहिला तर ठीक, पण कागद वर उडत असेल किंवा धुराचे हबके येत असतील तर दाब आहे. काही इंजिनांत झाकण काढलं की आयडल बदलतो, ते नॉर्मल आहे. काहींमध्ये ऑईलचे शिंतोडे उडतात म्हणून तोंड वर वाकवून बघू नका. डिझेलमध्ये आतली ओढ फारशी नसते, थोडी वाफ दिसणं चालतं, पण झाकण उलटं करून नुसतं वर ठेवलं आणि ते नाचून खाली पडायला लागलं तर ब्लो-बाय जास्त आहे. डिपस्टिक आपोआप वर उचलली जाणं हीही दाबाचीच खूण.

पीसीव्ही व्हॉल्व्ह बाहेर काढून कानाजवळ हलवा, बऱ्याच प्रकारच्या व्हॉल्व्हमध्ये आतून खुळखुळ आवाज आला पाहिजे. नाही आला तर बदला, स्वस्त पार्ट असतो. ब्रीदरचे पाईप काढून आतून बघा, गाळ असेल तर डिग्रीझरने साफ करा, चिरलेले किंवा मऊ पडून चपटे होणारे असतील तर नवीन घाला. सगळा रस्ता मोकळा करूनही दाब तसाच राहिला तर रिंग किंवा सिलिंडर झिजलेत, कम्प्रेशन टेस्ट करून घ्या, कारण अशा इंजिनात सील बदलण्याला अर्थ नाही.

दुरुस्ती, सोप्यापासून सुरू करून

ऑईल भरायचं झाकण आणि डिपस्टिकच्या नळीची ओ-रिंग. रबर कडक किंवा चपटं झालं असेल तर बदला, दोन मिनिटांचं काम.

ड्रेन बोल्ट. गळत असेल तर लोक तो अजून आवळतात आणि अॅल्युमिनियम चेंबरचे आटे घालवतात. तांब्याचं किंवा अॅल्युमिनियमचं वॉशर दबून सील करतं, ते एकदाच वापरायचं असतं, प्रत्येक ऑईल चेंजला नवीन. बऱ्याच लहान गाड्यांत हा बोल्ट २५ ते ४० न्यूटन मीटरला आवळतात, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा आणि टॉर्क पाना वापरा. आटे गेलेच असतील तर चेंबर फेकायची गरज नाही, आटे दुरुस्त करायचे इन्सर्ट मिळतात, टर्नरकडून बसवून घ्या.

ऑईल फिल्टर. बाहेरून फिरवून बसवायचा असेल तर जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं नाही ना ते बोट फिरवून बघा. दोन रबरं एकावर एक बसली की इंजिन चालू केल्यावर थोड्या वेळात ऑईल भसाभसा बाहेर येतं आणि चेंबर रिकामं व्हायला वेळ लागत नाही. नवीन रबराला ऑईलचं बोट लावा, रबर टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि पुढे पाऊण ते एक फेरा, हातानेच.

ऑईल प्रेशर स्विच. हा छोटासा, एकाच वायरचा पार्ट असतो, आणि त्याच्या प्लॅस्टिकमधून ऑईल येतं तेव्हा कोणाच्या लक्षातच येत नाही. कनेक्टर काढा, आत ऑईल भरलेलं दिसलं तर स्विच गेला. बदलताना आट्यांना सीलंट लागतं तिथे थोडंच लावा, एका वायरच्या स्विचला अर्थिंग त्याच्या बॉडीतूनच मिळतं, खूप टेप गुंडाळली तर दिवा नीट काम करत नाही.

टॅपेट कव्हर पॅकिंग, नीट करायचं

जुन्या गाडीत सगळ्यात जास्त वेळा गळणारी जागा हीच, आणि घरी करण्यासारखंही हेच काम, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. लक्षणं: सिलिंडर हेडच्या (इंजिनचा वरचा भाग) वरच्या कडेने ओघळ, गाडी थांबल्यावर जळक्या ऑईलचा वास, कधी हीटर किंवा ब्लोअर लावला की तोच वास केबिनमध्ये. काही इंजिनांत स्पार्क प्लग कव्हरच्या मधल्या खोल नळ्यांत असतात, त्या नळ्यांच्या सील गेल्या की प्लगच्या खड्ड्यात ऑईल साचतं आणि गाडी मिसफायर करायला लागते.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. कॉइल किंवा प्लगच्या वायरी काढताना नंबर टाकून ठेवा, ब्रीदर पाईप काढा. प्लगच्या खड्ड्यात ऑईल असेल तर प्लग सोडायच्या आधी ते फडक्याने टिपून घ्या, नाहीतर सरळ सिलिंडरमध्ये जाईल. बोल्ट बाहेरच्यापासून मधल्याकडे थोडे थोडे सैल करा आणि कुठला कुठे होता ते पुठ्ठ्यावर खोचून ठेवा, लांबी वेगवेगळी असू शकते. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने बाजूने हळू ठोका, मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर अॅल्युमिनियमला ओरखडा पडतो आणि त्यातूनच पुढे गळतं.

कव्हर निघालं की इंजिनच्या उघड्या भागावर स्वच्छ फडकं टाका. जुन्या पॅकिंगचे तुकडे प्लॅस्टिकच्या स्क्रॅपरने काढा, पॉलिश पेपर किंवा ग्राइंडरची चकती नको, त्याची कचकच ऑईलमध्ये जाऊन बेअरिंग खाते. दोन्ही कडा ब्रेक क्लीनर लावलेल्या फडक्याने पुसून कोरड्या करा. पत्र्याचं कव्हर असेल तर बोल्टच्या भोकांजवळ पत्रा आत दबलेला असतो, कारण आधीच्या कोणीतरी तो जीव खाऊन आवळलेला असतो. सपाट लोखंडी ठोकळ्यावर ठेवून हळू ठोकून सरळ करा, नाहीतर नवीन पॅकिंगही गळेल.

नवीन रबरी पॅकिंग कव्हरच्या खाचेत पूर्ण बसवा, प्लगच्या नळ्यांच्या सील आणि बोल्टखालची रबरी वॉशर्सही सोबतच बदला. आरटीव्ही सिलिकॉन (ट्यूबमधून येणारं, हवेत घट्ट होणारं सीलंट) सगळीकडे थापायचं नाही. जिथे दोन भागांचा जोड येतो, म्हणजे कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) अर्धगोल कोपऱ्यांत आणि टायमिंग कव्हर हेडला मिळतं तिथे, तेवढाच एक बारीक ठिपका. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला दाबलं जातं, सुटून ऑईलमध्ये पडतं आणि पंपाच्या जाळीत अडकतं, आणि मग गळती थांबवायला गेलेला माणूस इंजिन गमावून बसतो. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्याकडे, दोन-तीन फेऱ्यांत. हे बोल्ट फार कमी आवळायचे असतात, बऱ्याच गाड्यांत ८ ते १० न्यूटन मीटरच्या आसपास, मोठा पाना हातात घेतला की हमखास जास्त होतं. सिलिकॉन लावलं असेल तर ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ द्या मगच इंजिन चालू करा. पॅकिंग कॉर्कचं असेल तर पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर एकदा हलक्या हाताने बोल्ट बघून घ्या, कॉर्क बसतं.

चेंबर आणि सील

चेंबरचं पॅकिंग बदलायला ऑईल काढावं लागतं आणि काही गाड्यांत इंजिन थोडं उचलावं किंवा खालचं क्रॉसमेंबर सोडावं लागतं, तेव्हा आधी मॅन्युअल बघा. खालून दगड लागून चेंबर चेपलं असेल किंवा गंजून भोक पडलं असेल तर नवीन पॅकिंगने काही होणार नाही. बऱ्याच इंजिनांत इथे पॅकिंगच नसतं, नुसतं सिलिकॉन असतं, २-३ मिलिमीटरची अखंड रेघ आणि बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने. चेंबर काढलंच आहे तर पंपाची जाळी साफ करून टाका, ही संधी परत लवकर येत नाही.

क्रँकची पुढची सील पुलीच्या मागे असते. तिथून गळालं की पुलीच्या फिरण्याने ऑईल गोल रिंगणात आजूबाजूला उडालेलं दिसतं, हीच तिची ओळख. ज्या गाड्यांत टायमिंग बेल्ट आहे तिथे क्रँक आणि कॅमच्या सील बेल्ट बदलतानाच बदलून घ्या, सगळं उघडलेलंच असतं. ऑईलने भिजलेला बेल्ट पुसून परत घालू नका, रबर खराब होतं, आणि ज्या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनला आदळतात तिथे पूर्ण हेड उघडायची वेळ येते. सील काढताना शाफ्टला ओरखडा नको. शाफ्टवर नखाने खाच जाणवली तर नवीन सील किंचित बाहेर बसवून तिचा ओठ (शाफ्टला टेकणारी आतली कड) नव्या जागेवर आणता येतो, नाहीतर वर बसवायची पातळ स्लीव्ह मिळते. स्प्रिंगची बाजू ऑईलकडे, म्हणजे आतल्या बाजूला. रबरी ओठाला थोडं ऑईल लावा, पण सील टेफ्लॉनच्या ओठाची असेल तर ती कोरडीच बसवायची असते, पाकिटावरची सूचना वाचा. सीलच्या बाहेरच्या मापाचा पाईप किंवा सॉकेट ठेवून सरळ ठोकत न्या.

मागची सील, म्हणजे फ्लायव्हीलच्या बाजूची. ही सील स्वस्त असते पण तिच्यासाठी गिअरबॉक्स आणि क्लच उतरवावा लागतो, म्हणून इथे निदान चुकलं तर सगळ्यात जास्त भुर्दंड. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून खाली ऑईल येतं म्हणून लगेच ही सील गेली असं समजू नका. टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा, कॅमच्या मागच्या टोकाचं भोक बंद करणारं झाकण (स्पार्क प्लग नव्हे), मागच्या बाजूला असलेला प्रेशर स्विच, या सगळ्यांचं ऑईल ओघळून बरोबर तिथेच येतं. वास घेऊन बघा, गंधकासारखा असेल तर ती गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टची सील. वरचं सगळं कोरडं आहे, ब्रीदर मोकळा आहे आणि तरीही जोडातूनच येतंय, असं डाय टाकून नक्की झालं की मगच गिअरबॉक्स उतरवायला सांगा, आणि उतरवलाच तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग बघून घ्या. योग्य रॅम्प किंवा लिफ्ट आणि गिअरबॉक्स पेलणारा जॅक नसेल तर हे काम घरी करू नका.

बाटलीतली औषधं आणि जाड ऑईल

लीकेज बंद करणारी जी अॅडिटिव्ह मिळतात ती मुख्यतः रबरी सील थोडी फुगवून मऊ करतात. वाळून कडक झालेल्या सीलचा पाझर काही काळ कमी होऊ शकतो. फाटलेलं पॅकिंग, गेलेले आटे, तडकलेलं कव्हर, यावर त्यांचा काही उपयोग नाही. मागच्या सीलचा बारीक पाझर असेल आणि गिअरबॉक्स आत्ताच उतरवायचा नसेल तर जास्त चाललेल्या गाड्यांसाठीचं, सील जपणारं ऑईल वापरून बघायला हरकत नाही, मला ते बाटलीतल्या औषधापेक्षा बरं वाटतं. मॅन्युअलमध्ये नसलेलं जाड ऑईल भरणं मात्र नको, थंड इंजिनात ते वर पोचायला उशीर लागतो आणि गळती राहतेच. सिंथेटिकने सील खराब होते असं लोक म्हणतात. बऱ्याचदा होतं असं की आधीच गेलेल्या सीलवर जमलेला गाळ नव्या ऑईलने धुतला जातो आणि झाकलेली गळती दिसायला लागते.

काम झाल्यावर

ऑईल भरा, लेव्हल बघा, इंजिन चालू करा आणि लाल दिवा काही सेकंदांत विझतो का ते बघा, नाही विझला तर लगेच बंद. मग आयडलवर तापू द्या आणि टॉर्चने नवीन जोड बघा. इंजिनवर उरलेलं जुनं ऑईल परत एकदा धुवून टाका, हे केलं नाही तर दुरुस्ती चांगली होऊनही आठवडाभर धूर आणि थेंब दिसतील आणि उगाच परत उघडायला घ्याल. पन्नासेक किलोमीटरनंतर आणि मग साधारण ५०० किलोमीटरनंतर आधीच्या फोटोंशी जुळवून बघा. एक गळती बंद झाल्यावर दुसरी दिसली तर आधी परत ब्रीदर तपासा, मग पुढचं. काढलेलं जुनं ऑईल झाकणाच्या कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑईल घेणाऱ्या गॅरेजला किंवा रिसायकलवाल्याला द्या, गटारात किंवा मातीत ओतू नका, ते थेट पाण्यात जातं. ऑईलने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकण्यापेक्षा मोकळी पसरून वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, आणि ठिणगी उडणाऱ्या कामापासून लांब.